इथून तिथे

तेवीस वर्षं मी फळ्यावर एकच रेघ ओढत आले,
डावीकडून उजवीकडे, उतरती.
"बघा, हे इथून असं इथे येतं."
वर्ग मान हलवायचा,
मी फळा पुसायचे.

यंदा पहिल्या बाकावर सुयोग केणी,
ऐरोलीच्या दिवागावचा,
घडीची पांढरी काठी मांडीवर.
तिसऱ्या दिवशी त्याने हात वर केला.
"मॅडम, इथून म्हणजे कुठून?"

खडू थांबला.
सांगायला गेले तर माझ्यापाशी
दोनच शब्द निघाले, 'हे' आणि 'असं',
आणि हवेत एक हात.

रात्री कोपरखैरण्याच्या घरात
पुठ्ठा, डिंक, उरलेली लाल लोकर.
नवरा म्हणाला, बालवाडी काढतेस की काय?
भाव उभा, मागणी आडवी.
डोळे मिटून बोट फिरवलं
तर माझीच रेघ मला परकी:
आधी कडा, मग घसरण,
मग लांबच लांब सपाटी, संपता संपेना.

पुठ्ठा नेला होता सुयोगसाठी.
तो बाकाबाकावरून मागे गेला आणि परतच येईना.
शेवटी अंकुश घनवट,
रोज झोपणारा,
ज्याच्या नावापुढे मी 'बेपर्वा' लिहून ठेवलंय,
लोकरीवर बोट ठेवून बसलेला.
"हे तर वाशीच्या मार्केटात होतं, मॅडम, रोज पहाटे.
बाबांसोबत गोणी उतरवतो ना मी.
चारला कांदा इथं..."
थांबला. सुयोगकडे पाहिलं.
"चारला कांदा बत्तीस. गिऱ्हाईक मोजून पाच.
सहाला अठ्ठावीस.
नऊला अठराने सोडतात,
तेव्हा हातगाडीवाल्यांची ही झुंबड!"

"म्हणजे उताराच्या पायथ्याशी गर्दी," सुयोग म्हणाला.

वहीत लिहून घेतलं मी. मी.

आता अभ्यासक्रम दोन प्रकरणं मागे आहे,
प्राचार्यांचं पत्र टेबलावर.
डिंक सुटतो, लोकर लोंबते.
अंकुश अजून झोपतो;
पहिली पंधरा मिनिटं मी आवाज बेताचा ठेवते.

आणि काल, सहज विचारलं म्हणून,
दुसऱ्या रांगेतली मेहजबीन म्हणाली,
तुम्ही फळ्याकडे वळलात की
मला तुमचे ओठ दिसत नाहीत.
दोन वर्षं बसतेय ती माझ्या वर्गात.

आता ती बोट गोल फिरवते: वळा.
मी वळते.
तोंड वर्गाकडे, हात पाठीमागे फळ्यावर.
रेघ जरा वाकडी येते.