शोधमर्यादेखाली

सोहारच्या प्रयोगशाळेत सांडपाणी तीन वाटांनी येतं:
वसाहतीचं, बंदराचं आणि कामगार कॅम्पचं.
तिन्ही बाटल्या इद्रीस परकार आणतो,
थर्माकोलच्या पेटीत, बर्फावर,
खेडच्या बाजारात सुरमई आणावी तशा.
झाकणावर मार्करनं आकडा.
कॅम्पच्या आकड्यापुढे तो एक टिंब देतो.
का, ते मी कधी विचारलं नाही.

रमजान संपला तेव्हा मशिदीच्या मांडवातून
त्यानं दोन गोणी खजुराच्या बिया आणल्या.
धुतल्या, गच्चीवर वाळवल्या,
फॉस्फोरिक आम्लात रात्रभर मुरवल्या,
मग नायट्रोजनच्या झोतात पाचशे अंशांवर जाळल्या.
जाळायच्या, पण राख होऊ द्यायची नाही.
कसब असलंच तर तेवढं.
उरला तो कोळसा. चिमूटभर घेतला
आणि त्याच्या आतली भोकं उलगडून अंथरली
तर आमच्या शाळेचं पटांगण झाकेल.

कॅम्पच्या पाण्यात रोज एक शिखर उगवायचं,
सव्वासात मिनिटांनी,
दोनशे शहात्तर नॅनोमीटरवर.
डायक्लोफेनॅक.
दोन कडी, मध्ये नायट्रोजनचा सांधा,
एका कड्यावर दोन क्लोरीन असे ठाण मांडून
की जिवाणूंचा दात सहजी लागत नाही.
सांधेदुखीचं औषध, आणि त्यालाच सांधा!
पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं.
मग आठवलं, आमच्याकडची गिधाडं
ह्यानंच नेली.
बाबा सांगायचे, ओढ्यापलीकडे मेलेलं जनावर टाकलं
की घटकेत आभाळ उतरायचं.
मी कळती झाले तेव्हा तिथे फक्त कुत्री होती.

जूनमध्ये शिखर उंच झालं.
उन्हाळ्यात दुपारी काम बंद, साडेबारा ते साडेतीन,
असा नियम आहे. पाठीला तो वाचता येत नाही.
"कॅम्पच्या दवाखान्यात एकच गोळी, मॅडम,
कंबर, गुडघा, दाढ, सगळ्याला तीच,"
इद्रीस म्हणाला, आणि खिशातली पट्टी दाखवली.
हळूहळू मला आलेख वाचता यायला लागला:
सोमवारी स्लॅब टाकला असणार.
शुक्रवारी झोपले असतील.
माणसं मी एकही पाहिली नव्हती.

सप्टेंबरात एका गुरुवारी
स्तंभातून बाहेर आलेल्या पाण्याची रेष
सपाट निघाली. अगदी सपाट.
मी डॉ. मैमूना बलूशींना फोन लावला,
शंभर टक्के, मॅडम, शंभर टक्के!
त्या थोडं थांबल्या.
"आत जाणारं पाणी मोजलंस?"

मोजलं.
तेही सपाट होतं.

इद्रीस दारात उभा होता, रिकामी पेटी घेऊन.
"कॅम्प उठला. ठेका संपला ना.
मंगळवारी रात्री चार बस मस्कतला गेल्या, विमानतळावर.
गाद्या अजून बाहेर पडल्यात उन्हात."
बाटली पुन्हा हातात घेतली.
झाकणावर आकडा होता. टिंब नव्हतं.
ह्याही वेळी मी विचारलं नाही.

अहवालात आम्ही 'नाही' असं लिहीत नाही.
लिहितो, शोधमर्यादेखाली.
म्हणजे असेलही; आमच्या यंत्राला दिसत नाही, इतकंच.
मी तसं लिहिलं, सही केली,
तारीख चुकली, खोडून परत घातली.

वापरलेला कोळसा खिडकीजवळच्या बरणीत आहे.
उन्हाळाभराची कंबर त्यात धरून बसलेली,
कडी कड्यांना चिकटलेली, हलायला तयार नाहीत.
मिथेनॉलनं धुतला की सगळं सुटतं,
बरणी मोकळी होते, कोळसा परत कामाला येतो.
पद्धत तशी आहे. बाटली फडताळात आहे.

तीन आठवडे झाले.
आज नवी ऑर्डर आली, बंदराच्या पाण्याची,
आणि इद्रीस विचारतो, मॅडम, ही बरणी
धुवायला घेऊ?

राहू दे, म्हणाले.
बिया अजून एक गोणी आहेत ना.