मागच्या सालाचं पंचांग

आमच्या घरी एका खिळ्यावर
दोन वर्षं टांगलेली असत.
वर बाबांचं कॅलेंडर, सिरोंच्याच्या खत दुकानातून फुकट आलेलं.
खाली आईचं तेलुगू पंचांग, कोपऱ्यात दोरा ओवलेलं.
ओदेलूमामा प्राणहितेपलीकडून ते डोंग्यातून पाठवायचा,
पावडरच्या रिकाम्या डब्यात गुंडाळून,
भिजू नये म्हणून.

बाबांना त्यातलं एक अक्षर कळत नसे,
म्हणून दुधाचा हिशेब ते त्याच्याच समासात लिहीत.
दुर्गाष्टमीसमोर दीड लिटर.
नागुल चवितीसमोर: म्हैस आटली.

चंद्र दोघांचा एकच.
पण आषाढी एकादशीला बाबा भगरीवर राहत
आणि आई त्याच दिवशी ज्वारीच्या लाह्या दळून,
गुळात मळून, वर्षाच्या पहिल्या सणाचं पीठ आम्हाला चारायची.
मी बाबांसमोर उपाशी, चुलीमागे पोटभर.
उपास कोणाकोणाचा, असं गुरुजींनी विचारलं
तेव्हा मी अर्धा हात वर केला.

नागाला आमच्याकडे दोनदा दूध,
श्रावणात पंचमीला
आणि कार्तिकात चवितीला पुन्हा, बांधावरच्या वारुळात.
"त्याले दोन सासुरवाड्या हायेत काय?" बाबा म्हणत
आणि तांब्या भरून देत.

भादव्याच्या अवसेला आई तरवडाची पिवळी फुलं आणायची,
कुरडूचे पांढरे तुरे,
पितळी ताटात थरावर थर,
माथ्यावर हळदीची गौरी.
गल्लीतल्या पोरी भुलाबाईची खिरापत ओळखायला बसलेल्या
आणि आई अंगणात एकटी,
वाकायची, टाळी, सरकायची, टाळी.
एकटीचा फेर फार लहान होतो.
सहाव्या दिवशी बतुकम्मा रुसते. ताट रिकामं.
"कोणावर रुसली?"
"तिला माहीत. मनवायचं नसतं. एक दिवस थांबायचं."

त्या वर्षी मामा रुसला.
आजोबांच्या शेताच्या कागदावर
आईनं सही केली नाही म्हणून.
पाडवा चार दिवसांवर आला, डबा आला नाही.
आई खिळ्याकडे पाठ करून भाकरी थापायची.

बाबा न सांगता गेले,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, नदी उतरून,
चेन्नूरच्या बाजारातून पंचांग घेऊन आले.
निम्म्या किमतीत, म्हणाले.
साल छापलेलं तिथं
दुकानदारानं अगरबत्तीचं लेबल चिकटवलेलं.
आईनं आपल्या चौथीपर्यंतच्या तेलुगूवर बोट फिरवलं.
येणारं साल होतं सर्वजित.
बाबांनी आणलं होतं व्यय.

"मले काय मालूम? देवीचा फोटो तं नवाच हाय."

आई इतकी हसली की शेजारची शंकरव्वा डोकावली.

मग पाडव्याला गुढीखाली बसून,
नव्या चिंचेच्या कोळात कडुलिंबाचा मोहोर,
गूळ, कैरी, मीठ, तिखट कालवून,
तिनं सगळ्या घराला
गेल्या वर्षाचं भविष्य वाचून दाखवलं.
बाबांची रास: आवक दोन, खर्च आठ.
"बराबर हाय. म्हशीचं औषध."
माझी रास: विद्येत यश.
मी गणितात नापास झालेली. छापताना चुकलं असेल.
आईची रास: मान तीन, अपमान सहा.
ती बोटं मोडत बसली,
एकेक आठवून, नाव न घेता. पाचपर्यंत आली.
दुसऱ्या हाताचा अंगठा तसाच उघडा राहिला.
बाबा वाटी चाटून खाली ठेवत होते,
फार सावकाश.

तेच पंचांग खिळ्यावर लागलं. तिथ्या सगळ्या चुकीच्या,
दुधाचा हिशेब बरोबर.
आई अंगणात उभी राहून चंद्र बघायची
आणि अकरा दिवस मागे सरकवून घ्यायची.
जेठ दोनदा आला तेव्हा तेही फसलं.
पण तरवड फुलायचा तेव्हाच फुलला.

सहाव्या दिवशी ताट रिकामं ठेवलं.
सातव्या दिवशी पावडरच्या त्याच डब्यात
मलिदा दाबून भरला
आणि डोंगेवाल्या गट्टय्याच्या हाती दिला.
काही लिहिलं नाही.

डबा लवकर परत आला नाही.
म्हैस धुवायच्या निमित्तानं बाबा रोज संध्याकाळी
घाटावर जायचे,
आणि म्हैस कोरडीच घरी यायची.