शेजारची ओळ

दिवसा उद्यमबागेत साचे मोजतो,
संध्याकाळी सात ते नऊ हुक्केरी सरांच्या खोलीत
पंपाच्या एका केसिंगच्या चौसष्ट पट्ट्या पाडतो.
कडक लाल लोखंड थिजताना कुठे किती गरम,
एवढंच काढायचं.
प्रत्येक बिंदूचं नवं तापमान
चार शेजाऱ्यांच्या सरासरीतून निघतं.
खरं, काठावरच्या बिंदूचा एक शेजारी
दुसऱ्याच्या मेमरीत राहतो.

म्हणून प्रत्येकाने काठाबाहेर एक जादा ओळ ठेवायची,
पलीकडच्या आकड्यांची नक्कल.
तिला भूतओळ म्हणतात.
ती आपली नसते. तिथं आपलं काही लिहायचं नाही.
दर फेरीला शिळी होते,
दर फेरीला मागून घ्यावी लागते.
हे मला लवकर कळलं.
आई शनिवारच्या बाजारात
घासाघीस कन्नडात करते, बेरीज मराठीत.

दुसऱ्या आठवड्यात प्रोग्राम अडकला.
चूक दाखवत नाही, संपतही नाही,
पंखा तेवढा घोंगावतोय.
वीस मिनिटं बघत बसलो.
शेजारी शांतव्वा बडिगेर, तिचंही तेच.
सर आले, चष्मा कपाळावर.
"दोघंपण वाट बघालेत की रे,
तू आधी दे, तू आधी दे म्हणून!"
मग फळ्यावर दोन रकाने पाडले:
सम नंबरवाल्यांनी मोदलु हेळु, आमेले केळु,
आधी सांगायचं, मग ऐकायचं.
विषमवाल्यांनी उलट.
शांतव्वा गालात हसली.
मी दोन ओळी खालीवर केल्या
आणि आकडे धावायला लागले.

पुण्याच्या मशीनवर नंबर लागायला दीड दिवस.
चौसष्ट प्रोसेस लावल्या, वेग अकरापट.
भट्टीपाशी लुमाण्णा मेस्त्रीला सांगितलं
तर त्याला नवल नाही.
"साचे शंभर भरून ठेव की.
लाडल एकच हाय.
वतताना एकेकच पेटी येणार."

मोबाइलवर त्याला नकाशा दाखवला:
सगळ्यात शेवटी थिजतं ते मानेपाशी,
सत्तावीस नंबरच्या पट्टीत.
त्यानं बोटाची काजळी पँटला पुसली,
काल फोडलेलं एक केसिंग पायानं ओढलं,
आतली पोकळी दाखवली.
"दोन बोटं वर हाय."
माप घेतलं. दोन बोटंच.

आज रात्री बघतो,
सत्तावीसला कुणाची शिळी ओळ मिळाली ते.