हिरवीच जातात

मे महिना, दुपारचे तीन, अडावद.
वीज गेलेली. पंख्याची पाती जिथल्या तिथे.
पुढ्यात केळीचं खोकं फाडून सपाट केलेला पुठ्ठा,
त्यावर पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात,
आणि तरीही खालून डोकावणारा छापील बाण:
ही बाजू वर.

काय काढायचं ते ठरवलेलं नाही.
ठरवायला हा उन्हाळा वेळच देत नाही.
तैलरंग म्हणे वाट बघतात,
चुकलं तर पुसू देतात, उद्या या म्हणतात.
ॲक्रिलिक इथे ब्रशवरच वाळतो,
बशीत वाळतो, नखाच्या कडेला वाळतो.
मनात आलं न आलं तोच हाताने करून मोकळं व्हायचं,
नाहीतर रंगाचं चामडं होतं.

हात गेला तो पिवळ्या ट्यूबकडे.
का, ते मला विचारू नका.
केळी तर आमच्याकडून हिरवीच जातात.
कोयत्याने उतरवलेली, पाल्यावर निजवलेली,
ट्रकमध्ये रचलेली, कडक, हिरवीगार.
पिवळी होतात ती परमुलखात.
चाळीस वर्षं घड उतरवून
माझ्या बापाने पिकलेला ट्रक कधी पाहिला नाही.

मग पिवळा म्हणजे
सातपुड्यापलीकडे जे जे होतं ते.
बोटांनीच पसरवला.
जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडला,
खालून पांढरा आला, पांढऱ्याखालून पुठ्ठा.

निंब्या सोळाचा होता, क्लीनर म्हणून चढला.
आई ही गोष्ट सांगायची तेव्हा
ट्रकचा नंबर सांगायची, ड्रायव्हरचं गाव,
फडक्यात बांधून दिलेल्या कळण्याच्या दोन भाकरी, ठेचा,
सेंधव्याहून आलेला तो एकच फोन,
आणि शेवटी, दर वेळी, "येईल".
तिच्या गोष्टीची तीच बाजू वर.

मला ती सांगता येत नाही.
शब्द घेतले की आईचेच निघतात.
म्हणून हा हिरवा, पिवळ्याच्या पोटात घुसवलेला,
हा निळा, जो तापीचा नाही, कशाचाच नाही,
आणि ही रेघ, जी निघाली ती थांबेना,
पुठ्ठ्याच्या खालच्या कडेवरून
फरशीवर उतरली.
जाऊ दिली.

दिवेलागणीला ठगूमावशी आली, विरजण मागायला.
दारातच थबकली.
"हाई काय शे व?"
काही नाही मावशी, नुसते रंग.

सत्तरीला टेकली तरी ती कटिंगला जाते अजून.
उकिडवी बसली.
पिवळा बघितला नाही, निळा बघितला नाही.
खालच्या कोपऱ्यात माझा ब्रश निथळला होता,
काळपट तपकिरी, पुसायचं राहून गेलेलं,
तिथे तिने बोट टेकवलं.
"हाऊ ते केयीना डाग शे.
कोना शर्ट व?"

केळीचा चीक कपड्यावरून जात नाही.
लिंबू चोळा, रॉकेल लावा,
धुण्यागणिक काळा होत जातो.
निंब्याचा एक शर्ट दोरीवर राहिला होता.
आई तो धुवायची.
पुढे नुसताच भिजवायची.
मग एका दिवसापासून, कोरडाच,
उलगडून पुन्हा घडी घालायची.
मावशीला मी यातलं काही सांगितलं नव्हतं.
मला तरी कुठे सांगितलं होतं.

वाटी घेऊन निघताना
तिने पुठ्ठा उचलून भिंतीला टेकवला,
पायाखाली यायला नको म्हणून.
उलटा.
बाण आता जमिनीकडे.
डाग वर, छातीच्या खिशापाशी असावा तसा.
आणि ती रेघ, माझ्या हातून निसटलेली,
वरच्या कडेवरून आत उतरताना दिसते.

की मलाच तसं दिसतं, कोण जाणे.
वीज आली. पंखा फिरायला लागला.
फरशीवरचं रेघेचं टोक मी नखाने खरवडून पाहिलं.
निघालं नाही.