ओव्हर-ऑइलिंग

मंगळवार बाजारात साडेसातशेला घेतली,
मागचं चाक वेगळं मिळालं, एका भांडीवाल्याकडं.
दस्तगीरचाचांनी ती लिंबाला टेकवली,
नळीवर टिचकी मारली, कान लावला.
"बॉडी चांगलीय, सिष्टर. बाकी सगळं गेलंय."

सिव्हिलमध्ये हे वाक्य
मी नेहमी उलटं ऐकते.

दुकानाच्या पत्र्यावर लिहिलंय :
ओव्हर-ऑइलिंग करून मिळेल.
खरा शब्द काय, ते एकदा सांगून बघितलं.
"मग त्यात तेल कुठंय?" म्हणाले.

दोन रविवार गेले.
रॉकेल, कानस, आणि पुसायला एक फाटकी चादर,
कडेला मोराचं अर्धं डोकं उरलेली.
मडगार्डच्या हिरव्याखाली काळा निघाला,
काळ्याखाली पांढरी अक्षरं :
…शम बिंगी, वायंडिंग खाते.
आधीचं गंजानं खाल्लेलं.
राजेशम असेल, मल्लेशम असेल,
मिलच्या भोंग्याला विचारावं, तर तोही नाही.

पण माणूस दिसतो मला.
डावं पायडल जास्त झिजलंय,
सीटचं चामडं उजवीकडं दबलंय :
गुडघा. उजवा. पुरता वाकत नसणार.
कॅरियर एका अंगाला कललंय,
कुणीतरी रोज त्याच बाजूनं
चढून बसत असणार, डबा मांडीवर धरून.
एक्स-रे लागत नाही याला.

"भूत बघताय काय?"
कोटर पिन ठोकता ठोकता चाचा.
हँडल डावीकडं ओढतंय, मी म्हटलं.
"फोर्क वाकडाय. दुसरं काही नाही."

छर्रे मी मोजून दिले, बारा.
अकरा त्यांनी ग्रीसमध्ये एकेक बसवले,
बारावा माझ्या तळहातावर परत ठेवला.
"जागा बाराची दिसते, पण घालायचे अकराच.
गच्च भरलं की फिरत नाही."
आणि पोराला चहाला पिटाळलं.

आता रात्रपाळी सुटली की
साखर पेठेच्या बोळांतून घरी येते.
दोन्ही अंगाला माग चालू, खटाखट खटाखट,
कुठं उंबऱ्यावर सूप, तंबाखूचा वास,
लाल दिव्याखाली कुणी दोरा जोडतंय.
उतार लागला की पाय सोडते.
फ्रीव्हील वाजत असणारच,
ऐकू येत नाही एवढंच.

काल लाईट गेली.
सगळे माग एका दमात गप्प.
आणि बोळात एवढंच :
टिक् टिक् टिक् टिक् टिक्

एका दारातून म्हातारा बाहेर आला,
आवाजाकडं तोंड करून उभा राहिला,
जसं कुणी नाव घेऊन बोलावलं.
मी त्याचे गुडघे बघितले.
लुंगीत झाकलेले.

ब्रेक लावावा की नाही, ठरेना.
हँडल आपलं डावीकडं ओढत होतं.
त्याचं दार उजवीकडं होतं.