दुसऱ्या बाजूला दीड मिनिट

स्टोकमधल्या एका चॅरिटीच्या दुकानात,
बंद पडलेल्या घड्याळांच्या फळीखाली,
अडीच पौंडांना मिळाला.
दोन करड्या ताटल्यांची शिंपली, लाल रबरी बिजागरी,
खोक्यावर एप्रन घातलेली हसरी बाई,
आणि माहितीपत्रकाचं दुसरं पान गायब.
पहिल्या पानाच्या तळाशी एवढंच:
तीन मिनिटं. मग उलटा.

मिसेस टनिक्लिफच्या वरच्या खोलीत शेगडीला मनाई आहे.
भाडेकरारातलं आठवं कलम,
पाळीव प्राणी आणि ड्रमसेट यांच्या मधोमध.
मायक्रोवेव्ह चालतो.
त्याला ती विस्तव मानत नाही.

दिवसभर मी कारखान्यात बशा तपासते.
भट्टीतून उतरलेल्या, पोटाशी अजून कोमट.
नखाने टिचकी मारायची, कान द्यायचा.
धड बशी बोलते,
तडा गेलेली नुसतं ठक् म्हणते.
म्हणजे तापण्यातलं मला थोडंफार कळतं.
तरी सात महिने मी खाल्ला
तो पाव, जो चटका द्यायचा पण भाजायचा नाही,
पिळलेल्या पंचासारखा,
पांढराफटक.
फोनवर मावशी विचारायची, गरम जेवतेस ना गं?
हो. गरम असतं.

तर परवा, रात्री पावणेअकरा.
उकडलेला बटाटा, कोथिंबिरीची चटणी,
चेडरचे दोन जाड काप,
लोणी पावाच्या बाहेरच्या अंगाला.
कडा दाबताना बोटं आपसूक मुरड घालायला निघाली.
पावाला मुरड पडत नाही.
शिंपली मिटली. आत ठेवली. बटण.

तव्यावर हाताला कळतं केव्हा उलटायचं.
इथे काचेआड पिवळा दिवा
आणि एक बंद वस्तू, देवळाविना प्रदक्षिणा घालणारी.
पी हळद नि हो गोरी, मी स्वतःलाच म्हटलं,
आणि तरी नाक काचेला लावून उभी राहिले.
दोन मिनिटं दहा सेकंदांवर
आत काहीतरी चुरचुरलं.
त्या खोलीत सात महिन्यांत
माझ्याशिवाय कुणी आवाज केला नव्हता.

मग जिन्यावर सपाता.
दारावर दोन टकटकी.
आठवं कलम, मी मनात म्हटलं.
मिसेस टनिक्लिफ, केसांना जाळी, हातात बॅटरी:
काय जळतंय?

जळत नाहीये, भाजतंय, असं सांगायचं होतं.
करपणं नाही, होरपळणं नाही,
भाजणं.
चार शब्द मराठीत रांगेत उभे,
इंग्रजीतला एकही वेळेवर पुढे येईना.
मी दार पूर्ण उघडलं.

ती आत आली. वाकून बघितलं.
ही दुसरी बाजू, मी म्हटलं, दीड मिनिट,
जणू मला ठाऊकच होतं.
तेवढ्या दीड मिनिटात ती म्हणाली,
तिचे वडील भट्टीवाले होते.
रात्रपाळीला कोळशाचं फावडं धुऊन पुसून
त्यावर चीज घातलेला ओटकेक ठेवायचे,
आणि भट्टीच्या तोंडाशी धरायचे.
किती वेळ, ते त्यांनाच माहीत.
ती डबा घेऊन जायची तेव्हा अर्धा तिला.
राखेची चव असायची, म्हणाली. थोडीशी.

घंटी वाजली.
शिंपली उघडली: एका कोपऱ्यात काळा, मधे सोनेरी,
एका बाजूने चीज पळालेलं.
मी सवयीने नखाने टिचकी मारली,
कान दिला.
बोलला.

तिने अर्धा घेतला. चटणीने डोळ्यांत पाणी आलं,
निदान कारण तरी तेच सांगितलं.
कलमाचा विषय निघाला नाही.
जाताना म्हणाली, खिडकी उघड, हेम.
हेमांगीतलं एवढंच तिला पेलतं.

आज दाराशी सहा ओटकेकचं पाकीट होतं.
हुबेहूब घावन, जरा जाड, ओटच्या पिठाचं.
गोल. शिंपली चौकोनी.
चार घड्या केल्या तर मिटत नाही,
दोन केल्या तर कोपरे बाहेर येतात.
एक वाया गेला, दुसरा मी उभ्यानेच खाल्ला.
खोक्यावरच्या बाईच्या एप्रनवर
पेन्सिलीने लिहून ठेवलंय:
ओटकेक. तीन मिनिटं जास्त होतात.
दुसरी बाजू, बघ.