नारळ परत आणताना

उम्म-अल-क्वैनच्या खाडीवर पहाटे साडेचारला
अजून कालचीच उकड असते.
श्रीरंग बोटीच्या पोटाखाली उताणा,
कपाळाला दिवा बांधून शिंपलं खरवडतोय.
मी ती घमेल्यात भरते.
बावीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे हिशेब लिहिले,
हात अजून थांबत नाही. वहीत लिहिलं:
शिंपलं, दोन घमेली. किंमत नाही.

घर आवरून झालं.
पलंग वरच्या मजल्यावरच्या फिलिपिनी नर्सने नेला,
फ्रिज बकाल्यातल्या कासिमने.
टीव्हीला कोणी विचारलं नाही.
ग्रॅच्युइटीचं शीड झालं, अक्षरशः,
बिलावर जवळजवळ तेवढाच आकडा होता.

लेक फोनवर म्हणते, बाबांचं वय बघ.
बघते ना. रोज तेच बघते.
नऊ महिन्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्यात,
दोघांचे मिळून तीन दात भरून झाले.
पाणी चारशे लिटर, माणशी रोज तीन.
लांब केस धुणं ह्या गणितात बसत नाही,
म्हणून कापून आले.
श्रीरंग दोन दिवस माझ्याशी
पाहुण्याशी बोलावं तसं बोलला.

‘टिटवी’ हे नाव मी ठेवलं.
आधीच्या मालकाचं नाव घासून काढलंय,
तरी ऊन तिरकं पडलं की वाचता येतं.
बंदराच्या कचेरीतल्या बाईंनी विचारलं, अर्थ काय?
म्हटलं, पक्षी आहे. अंडी नेली म्हणून समुद्राशी भांडला.
जिंकला?
आमच्याकडे तसं सांगतात.
त्यांच्या लिपीत ट नाही.
कागदोपत्री आम्ही तितवी.

काल संध्याकाळी खारफुटी मागे टाकून बाहेर आलो.
शमाल नुकताच उतरलेला, पाणी अजून धुसफुसत होतं.
श्रीरंगने पिशवीतून शेंडीचा नारळ काढला.
“हा मी,” म्हणाला, आणि पाण्यात टाकला.
“मी पडलोय. तू एकटी आहेस. आण.”

पहिल्या खेपेला शीड उलटं भरलं.
दुसऱ्या खेपेला मी त्याच्यावरूनच गेले,
तळाला टक् असा आवाज आला.
श्रीरंग तोंड मिटून बसलेला.
पडलेल्या माणसाने सल्ला द्यायचा नाही,
हा नियम त्याचाच.
चौथ्या की पाचव्या वेळी लाटेमागे शेंडी दिसेना.
मी ओरडले, त्याच्या नावाने,
चव्वेचाळीस अंशात तापून आलेल्या, कोरड्या घशाने.
तो हातभर अंतरावर होता.
त्याने ओ दिली नाही.

हर्णैला माझे काका श्रावणात नारळ सोडायचे,
दर्याला म्हणायचे, आता निव.
दिलेला परत मागायची रीत नाही.
मी मागत होते.
दात-ओठ खाऊन, सुकाणू मांडीला टेकवून,
वयाच्या चोपन्नाव्या वर्षी इमारतीच्या तळ्यात
शेजारच्या पोरांसोबत पोहायला शिकलेली बाई,
मी मागत होते.

नवव्या खेपेला नाळ वाऱ्यावर धरली,
शीड सोडून दिलं, फडफडू दे म्हटलं.
ओढाळ म्हैस दाव्याशी थांबावी तशी बोट थांबली.
जाळं टाकलं.
हाताला आला तेव्हा वाटला त्याहून जड होता.

“किती मिनिटं?”
“तेवीस.”
“मग मी गेलोच असतो,” म्हणाला,
आणि चहा टाकायला खाली उतरला.
बराच वेळ वर आला नाही.
चहाचा वास आला, मग जळका वास आला.

व्हिसाचे एकोणीस दिवस उरलेत.
भाजणी, मेतकूट, कोकमं एका कप्प्यात लागली.
नारळ तिथे नाही ठेवला.
तो औषधांच्या डब्याशेजारी आहे,
माझ्या जुन्या ओढणीत.

निघताना नाळेवर फोडायला लागेलच एक.
“तो वेगळा आणू,”
दोघंही एकदमच म्हणालो.